सर्व्हरच्या मदरबोर्डची नाडी कशी पाहावी?

व्यापारात उधारी आली की लिखापढी आलीच. पूर्वी ही लिखापढी लाल कापडाच्या वहीत होत असे, आज ती संगणकात होते. घाऊक कापडाची पेढी असो, सायझिंगचा कारखाना असो की तयार कपड्यांचे मोठे दुकान, कोपऱ्यात एक जाड पेटी रात्रंदिवस चालू असते. तिला सर्व्हर म्हणतात. दुकानातले चार-सहा संगणक त्या एकाच पेटीतला हिशेब वाचतात आणि तिच्यातच लिहितात. कोणाकडून किती येणे, कोणाचे किती देणे, कोणत्या विणकराला किती सूत दिले आणि त्याचे किती तागे परत आले, जीएसटीची बिले कोणती, हे सर्व त्या पेटीत असते. ही नुसती आपली मालमत्ता नव्हे. दुसऱ्याचे आपल्याकडे निघणारे पैसेही तेथेच लिहिलेले असतात. म्हणून ती एक अमानत आहे.

परंतु या पेटीची तब्येत कोणी विचारीत नाही. ती बंद पडली की मिस्त्रीला फोन जातो आणि "काल रात्रीपर्यंत तर चांगली चालत होती" असे सांगितले जाते. आम्ही हे वाक्य बाजारात पुष्कळदा ऐकले आहे. बहुतेक वेळा ते खरे नसते. पेटी कित्येक आठवडे आजारी असते आणि तिने ते आपल्या रोजनिशीत लिहूनही ठेवलेले असते. फक्त ती रोजनिशी कोणी उघडलेली नसते. ती कशी वाचावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. ज्याला थर्मामीटर वाचता येतो, त्याला हे येईल.

माग थांबतो, सर्व्हर थांबत नाही

आपल्या वाचकांत यंत्रमागाचे जाणकार पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याच कामातले उदाहरण घेऊ. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १९२४ साली आपला 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार केला. त्याची मोठी खुबी ही की ताण्याचा एक धागा तुटला तरी माग आपोआप थांबे, त्यामुळे खराब कापड विणले जात नसे. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले. यंत्राने आपली चूक ओळखून स्वतः थांबावे, हा त्यामागचा विचार होता.

सर्व्हर नेमका याच्या उलट विचाराने बनवलेला असतो. धागा तुटला तरी थांबायचे नाही, हे त्याचे ब्रीद. एक पंखा बंद पडला तर बाकीचे पंखे जोरात फिरतात. वीज देणारे दोन पुरवठा-संच असले आणि एक जळाला, तर दुसरा सारा भार उचलतो. मेमरीत एखादा आकडा बिघडला तर तो तेथल्या तेथे दुरुस्त होतो. ग्राहकाला, मुनीमजींना, मालकाला कोणालाच काही कळत नाही. हा गुण आहे आणि धोकाही हाच आहे. आधार संपत आलेला असतो आणि काम मात्र सुरळीत दिसत असते.

आमच्या ओळखीच्या एका पेढीवर असेच घडले. पेटीला दोन पुरवठा-संच होते. त्यातला एक उन्हाळ्यात गेला. मागच्या बाजूचा छोटा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पण मागची बाजू भिंतीकडे होती. दुसरा संच काही महिने एकटा राबला आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात, ऐन गर्दीत, तोही गेला. तीन दिवस बिले कागदावर लिहावी लागली. नंतर दोन गिऱ्हाइकांशी रकमेवरून वाद झाला आणि जुने संबंध बिघडले. पहिला संच गेला त्या दिवशीच कोणी ते वाचले असते, तर दुकान एक तासही बंद राहिले नसते.

बोर्डावरचा पहारेकरी

सर्व्हरच्या आत जो मोठा छापील पत्रा असतो त्याला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, मेमरीच्या पट्ट्या, डिस्कच्या तारा सर्व त्यालाच जोडलेले असतात. चांगल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवर एक छोटा स्वतंत्र संगणकच बसवलेला असतो. त्याचे नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. मुंबईच्या महापालिकेशी याचा काही संबंध नाही! मुख्य पेटी बंद असली तरी विजेची तार लावलेली असेपर्यंत हा पहारेकरी जागा असतो. बोर्डावर जागोजागी उष्णता, विजेचा दाब आणि पंख्याचा वेग मोजणारे सेन्सर असतात. हा त्यांच्याकडून ठराविक वेळाने खबर घेतो आणि काही बिनसले तर तारीख-वेळेसह नोंद करतो.

वेगवेगळ्या कंपन्यांचे पहारेकरी एकच भाषा बोलावेत म्हणून इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली आयपीएमआय नावाचा सामायिक नियम ठरवला. त्याची दुसरी आवृत्ती २००४ साली आली. २०१५ साली रेडफिश हा नवा नियम आला आणि आता नव्या यंत्रांत त्याचा वापर वाढत आहे. डेलमध्ये या सोयीला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयलो. सुपरमायक्रोच्या बोर्डावर ती आयपीएमआय याच नावाने ओळखली जाते. नावे वेगळी असली तरी काम एकच आहे. पेटीच्या मागे नेटवर्कच्या तारेसाठी एक वेगळे भोक असते. त्यात तार जोडून दुकानातल्याच दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पडदा उघडता येतो. लिनक्स जाणणाऱ्यांसाठी आयपीएमआयटूल हे मोफत साधन आहे.

प्रत्येक सेन्सरला खालच्या व वरच्या मर्यादा ठरवून दिलेल्या असतात आणि त्यांच्या तीन पायऱ्या असतात. पहिली सावधानतेची, दुसरी गंभीर, तिसरी ज्यानंतर यंत्र सावरणे कठीण अशी. पहिली पायरी ओलांडली की मिस्त्रीला बोलवावे, तिसरीची वाट पाहू नये. आकड्याच्या जागी काहीच दिसत नसेल तर त्याचा अर्थ शून्य असा नाही, सेन्सरकडून खबर आलेली नाही एवढाच आहे. कधी कधी उणे शंभर अंश असा वेडावाकडा आकडा येतो. तो बहुधा सेन्सरचाच दोष असतो. अशा वेळी घाबरून न जाता थोड्या वेळाने पुन्हा पाहावे.

कोणकोणत्या गोष्टी पाहाव्यात?

१) उष्णता. पहिला आकडा पेटीत शिरणाऱ्या हवेचा असतो. सर्व्हरच्या खोल्यांसाठी ही हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी अमेरिकेतील ॲशरे या संस्थेची शिफारस आहे. पुष्कळशा सर्व्हरची कमाल मर्यादा ३५ अंशांची असते. आपल्या मालेगावकडे उन्हाळ्यात बाहेरच पारा ४० च्या वर जातो. तेव्हा बंद कोठडीत, पत्र्याखाली ठेवलेल्या पेटीचे काय होत असेल, याचा अंदाज करावा. दुसरा आकडा प्रोसेसरचा. तो कामाप्रमाणे चढतो-उतरतो. परंतु खोली तेवढीच थंड, काम तेवढेच आणि प्रोसेसर मात्र गेल्या महिन्यापेक्षा १० अंश जास्त गरम, असे दिसले तर समजावे की धूळ साचली आहे किंवा प्रोसेसर व त्यावरच्या धातूच्या पंखाळीमधला लेप सुकला आहे.

२) पंखे. पंख्याचा वेग दर मिनिटाला किती फेरे, असा दिसतो. हा आकडा एकटा पाहून काही कळत नाही, शेजारच्या पंख्यांशी ताडून पाहावा. समजा चारपैकी तीन पंखे ५,४०० वर आणि एक ४,१०० वर असेल, तर त्या एकाचे बेअरिंग सुकत आले आहे. कापडाच्या आणि सुताच्या धंद्यात तर हा भाग महत्त्वाचा, कारण आपल्या हवेत रुईचे तंतू असतात. ते पंख्यात आणि पंखाळीत जाऊन नमद्यासारखा थर धरतात. पेटी एकाएकी मोठा आवाज करू लागली तर ती खोड नव्हे. एखादा पंखा गेला आहे किंवा आत उष्णता वाढली आहे, हाच त्याचा अर्थ.

३) विजेचा दाब. आतील तीन मुख्य वाहिन्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या असतात. त्यात वरखाली ५ टक्क्यांची सूट असते. म्हणजे १२ ची वाहिनी ११.४० ते १२.६०, ५ ची ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ ची सुमारे ३.१४ ते ३.४६ या दरम्यान असावी. १२ ची वाहिनी दर महिन्याला थोडी थोडी उतरत असेल, तर ती सुटीच्या आत असली तरी पुरवठा-संच थकत चालल्याची खूण समजावी.

४) पुरवठा-संच. दोन्ही संच चालू आहेत की नाहीत, हे नक्की पाहावे. पुष्कळ संच बाहेरून येणाऱ्या विजेचा दाबही दाखवतात. यंत्रमागांच्या वस्तीत हा आकडा फार बोलका असतो. माग चालू असताना दाब उतरतो आणि शुक्रवारी माग बंद असले की भार कमी झाल्यामुळे चढतो. म्हणून एक नोंद चालू दिवसाची आणि एक सुट्टीच्या दिवसाची घ्यावी. फरक मोठा असेल तर यूपीएस आणि अर्थिंग दोन्ही तपासून घ्यावे. दोन्ही संचांच्या तारा एकाच यूपीएसला लावू नयेत, नाहीतर दोन संच घेण्याचा अर्धा फायदा वाया जातो.

५) मेमरीच्या चुका. बेल प्रयोगशाळेतील गणिती रिचर्ड हॅमिंग यांचे यंत्र शनिवार-रविवारी चूक सापडली की काम तेथेच सोडून देई. यंत्राला चूक ओळखता येते तर ती दुरुस्त का करता येऊ नये, या विचारातून त्यांनी १९५० साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याच कल्पनेवर आजची ईसीसी मेमरी चालते. एका बिटाची चूक ती स्वतः दुरुस्त करते, दोन बिटांची झाल्यास इशारा देते. गुगल कंपनीच्या सर्व्हरांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत चुका आढळल्या. वर्षाकाठी एखादी दुरुस्त झालेली चूक दिसली तर काळजी नको. परंतु एकाच पट्टीच्या नावाने पुन्हा पुन्हा नोंद येऊ लागली, तर ती पट्टी बदलावी. आकडा बिघडून हिशेबात गेला, तर तो शोधणे फार कठीण आहे.

६) घड्याळाची बॅटरी. मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, तिचे नाव सीआर २०३२. म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. नवी असताना ती ३ व्होल्टच्या किंचित वर असते. २.७ च्या खाली उतरू लागली की बदलून घ्यावी. ती गेली की वीज जाताच घड्याळ मागे जाते आणि बिलांवर चुकीची तारीख पडते. बोर्डाच्या मूळ सेटिंगही पुसल्या जाऊ शकतात. त्यात डिस्कची जोडणी कशी आहे, ही सेटिंग असेल तर पेटी सुरूच होणार नाही. म्हणून त्या सेटिंगच्या पडद्यांचे फोटो मोबाइलवर आधीच काढून ठेवावेत. किरकोळ किमतीच्या बॅटरीसाठी सारी पेढी अडू नये.

कपॅसिटरची गोष्ट

बोर्डावर छोट्या डब्यांसारखे दिसणारे कपॅसिटर असतात. विजेतले चढउतार झेलणे हे त्यांचे काम. ज्यांच्या आत द्रव असतो त्यांच्यासाठी जाणकारांचा एक ठोकताळा आहे. उष्णता १० अंशांनी कमी झाली की आयुष्य दुप्पट होते. समजा एखाद्यावर १०५ अंशांना २,००० तास असे लिहिले आहे. तो ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास, म्हणजे पावणेदोन वर्षांहून थोडा अधिक टिकेल. ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक. केवळ दहा अंशांचा हा फरक. खोलीत हवा खेळती ठेवण्याचा खर्च जास्त वाटणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत खराब कपॅसिटर असलेले लाखो बोर्ड बाजारात आले होते. त्यांचे माथे फुगत आणि आतला द्रव बाहेर येई. २००५ साली एकट्या डेल कंपनीला यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आज मदरबोर्डवर बहुधा घन प्रकारचे कपॅसिटर असतात, त्यामुळे हा दोष कमी झाला आहे. मात्र पुरवठा-संचात द्रवाचे कपॅसिटर अजूनही असतात. फुगलेला माथा सेन्सरला दिसत नाही, तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

रोजनिशी कशी वाचावी?

पहारेकऱ्याच्या पडद्यावर 'इव्हेंट लॉग' असे लिहिलेले असते. हीच ती रोजनिशी. आकडे आजची स्थिती सांगतात, रोजनिशी मागच्या रात्री काय झाले ते सांगते. रात्री दोन वाजता पंखा थांबला आणि पुन्हा सुरू झाला, तर सकाळी सर्व आकडे ठीक दिसतील, पण नोंद राहील. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, रोजनिशीची पाने मोजकी असतात. काही यंत्रांत ती भरली की पुढचे लिहिणेच थांबते. म्हणून जुन्या नोंदी दुसरीकडे साठवून, मग ती कोरी करावी. दुसरी, पहारेकऱ्याचे घड्याळ बरोबर आहे की नाही ते पाहावे. नोंदीवर १९७० साल दिसले तर घड्याळ लावलेले नाही असे समजावे.

बहुतेक यंत्रांत गंभीर नोंद होताच ई-मेल पाठवण्याची सोय असते. ती सुरू करावी आणि एकदा चाचणीचे पत्र पाठवून ते खरोखर पोहोचते का, हे पाहावे.

ज्यांच्याकडे साधा संगणक आहे

पुष्कळ दुकानांत साधा संगणकच सर्व्हर म्हणून वापरतात. त्यात वेगळा पहारेकरी नसतो आणि बहुधा ईसीसी मेमरीही नसते. तरीही उष्णता, पंखे आणि वाहिन्यांचे सेन्सर असतातच. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो आणि लिनक्सवर एलएम-सेन्सर्स ही साधने ते आकडे दाखवतात. फरक एवढाच की येथे रात्रीची रोजनिशी ठेवणारा कोणी नाही. म्हणून नोंद अधिक वेळा घ्यावी.

पहारेकऱ्याच्या किल्ल्या

जो पहारेकरी दुरून पेटी बंद-चालू करू शकतो, त्याच्या किल्ल्या चोराच्या हाती गेल्या तर काय होईल, ते सांगायला नको. २०१८ साली जंगलसेक नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने याच दाराने सर्व्हरमध्ये शिरून माहिती कुलूपबंद केली होती. अमेरिकेच्या एनएसए आणि सीसा या सरकारी संस्थांनीही जून २०२३ मध्ये या दारांबाबत खबरदारीची पत्रिका काढली. उपाय तीन आहेत. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा. पहारेकऱ्याची तार दुकानाच्या आतल्या जाळ्यातच ठेवावी, ती इंटरनेटवर कधीही उघडी सोडू नये. आणि कंपनीने दिलेले सुधारित फर्मवेअर वेळोवेळी घालून घ्यावे.

पहारा कोठे अपुरा पडतो?

सेन्सरला सर्व काही दिसत नाही. इंटेलच्या ॲटम सी-२००० या चिपमध्ये घड्याळाची नाडी देणारा भाग कालांतराने बंद पडे. २०१७ साली हे उघड झाले. हाच दोष असलेली सिस्को कंपनीची काही यंत्रे दीड वर्षानंतर बंद पडू शकतात, असे त्या कंपनीने जाहीर केले. त्यात आधी ना उष्णता वाढे, ना दाब उतरे. म्हणून नाडी पाहणे हा नकलेला पर्याय नव्हे. रोजच्या हिशेबाची एक नकल दुसऱ्या डिस्कवर आणि एक दुकानाबाहेर असलीच पाहिजे. नाडी पाहिल्याने दुकान बंद पडण्याचे टळते, नकल ठेवल्याने हिशेब बुडण्याचे टळते. दोन्ही कामे वेगळी आहेत.

आठवड्याचा नियम

एक साधी वही करावी. आठवड्यातून एक दिवस ठरवावा. आत येणारी हवा, प्रोसेसर, प्रत्येक पंखा, तीन वाहिन्या, दोन्ही पुरवठा-संच, बॅटरी आणि रोजनिशीतल्या नव्या नोंदी, एवढे लिहावे. दहा मिनिटांचे काम आहे. हे काम एकाच माणसाकडे सोपवावे व त्याने सही करावी. यंत्र चांगले असतानाच पहिली नोंद घ्यावी, कारण निरोगी माणसाची नाडी माहीत असल्याशिवाय तापाची ओळख पटत नाही. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पेटी बंद करून आतील धूळ साफ करून घ्यावी. वार्षिक देखभालीचा करार करताना मिस्त्रीने दर महिन्याला हे आकडे आणि रोजनिशीची नकल लिहून द्यावी, अशी अट घालावी.

आपल्या वस्त्यांत मोबाइल आणि संगणक दुरुस्त करणारी हुशार मुले पुष्कळ आहेत. बंद पडलेले यंत्र सुरू करण्याचा हुन्नर त्यांना येतो. यंत्र बंद पडण्याआधी ओळखण्याचा हुन्नरही त्यांनी शिकावा. दहा-बारा पेढ्यांची नाडी दर महिन्याला पाहून लेखी अहवाल देणारा तरुण या कामातून नियमित उत्पन्न मिळवू शकतो आणि व्यापाऱ्याचेही नुकसान टाळू शकतो.

तात्पर्य, सर्व्हर न बोलता सोसतो, पण लिहून ठेवतो. ते वाचण्याची जिम्मेदारी मालकाची आहे. येत्या सुट्टीच्या दिवशी पेटीची मागची बाजू भिंतीकडून वळवून घ्यावी, दिव्यांचे रंग पाहावेत आणि वहीत पहिली ओळ लिहावी.